बापाने न पाहिलेलं तोंड

१५ मे १९८४

ही डायरी सत्यशीलाबाईंनी दिली. त्या सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाई. मागच्या मंगळवारी माझी नात त्यांच्याच हातांवर आली. आज त्यांच्याकडे बुद्धपौर्णिमा, म्हणून खीर घेऊन आल्या आणि पिशवीतून ही डायरी काढली. कुठल्याशा औषध कंपनीची आहे. पानोपानी खोकल्याची बाटली छापली आहे. म्हणाल्या, "कमला, यात बाळाचं वजन लिहीत जा."

कमला माझी सून. सातवी शिकली आहे. बाजेवर पडून पडून कंटाळली होती, डायरी पाहून तिचे डोळे उघडले. मी म्हटलं, वजन लिहून उरलेली जागा काय उंदरांना द्यायची? त्या जागेत मी बोलते, तू लिही.

मी गिरजा, ढिवराची बाई. मला अक्षर येत नाही. अंगठा आहे, पण तोही जाळी ओढून इतका घासला आहे की मागच्या मतदानाला साहेब म्हणाला, आजी, दुसऱ्या हाताचा द्या. कमला म्हणते, "आत्याबाई, तुमी बोलता तसं नाई लिहिता येत. पुस्तकात मले-तुले नसते." म्हटलं, बरं. माझं सांगणं तू धुऊन-वाळवून लिही. पण कोणाशी बोलणं झालं तर ते ज्याचं त्याच्यासारखंच राहू दे. लोकांच्या तोंडाला आपण साबण लावायचा नाही.

पहिल्याच पानावर अडलं. मी म्हटलं, लिही, इस्तारी पाळीवर राहतो. तिचा हात थांबला. नवऱ्याचं नाव कसं घेणार? म्हटलं, तोंडानं नको घेऊ, हातानं लिही. हाताला कुठे लाज असते? तिनं लिहिलं, आणि लिहून पदर पुढे ओढला.

इस्तारी माझा एकुलता एक. तो आला आणि त्याचा बाप गेला, दोन्ही एकाच साली, म्हणून दुसरं झालं नाही. सध्या तो तलावाच्या पाळीवर, म्हणजे बांधावर, मच्छीमार सोसायटीच्या पहाऱ्याच्या झोपडीत राहतो. घरात बाळंतीण, पाळण्यात पोर, आणि बाप पाळीवर. का, ते पुढच्या वेळी. कमलाचा हात दुखतो.

माझ्या आईची सवय होती. निजण्याआधी दिवसभरात कोणाचे उपकार झाले ते बोलून टाकायचं, नाहीतर छातीवर ओझं राहतं. आजचे उपकार सत्यशीलाबाईंचे, आणि खिरीत हात सैल सोडून साखर घालणाऱ्या त्यांच्या सासूचे.


१७ मे

पोरगी झाली त्या पहाटे इस्तारी इतका हरखला की तिला न्हाऊ घालून बाहेर आणेपर्यंतही थांबला नाही. पहिल्या मोटारीनं सिंदेवाहीला गेला, बापूराव जोशांकडे, नावाचं अक्षर विचारायला. अक्षर तर आणलंच, वर दोषही घेऊन आला. कुंपणाबाहेरूनच म्हणाला, "माय, कमलेले सांग, मले पोरीचं तोंड पाहता येत नाई." आणि पाळीवर निघून गेला.

म्हणून बाजाराच्या दिवशी मी स्वतः बापूरावांकडे गेले. म्हटलं, मला कागद दाखवू नका, समजेल असं मांडा. बापूराव भला माणूस. त्यांनी पाटीवर बारा घरं काढली आणि घराघरांत सुपाऱ्या ठेवल्या.

"ही सूर्याची सुपारी. सूर्य म्हणजे बाप. हा बघा, बरोबर समोरच्या घरात शनी, आणि त्याच्या मांडीला मांडी लावून मंगळ. दोघे सूर्याकडे टक लावून बसलेत. कठीण योग आहे, गिरजाबाई."

"पाहते त पाहू द्या," मी म्हटलं. "माही सासू आन् माहा नवरा जलमभर माह्याकडं असेच पाहत होते."

"हसण्यावारी नेऊ नका. दोघेही वक्री आहेत."

"तेही होते."

बापूराव हसले नाहीत, पण मिशीखाली काहीतरी हललं. मग म्हणाले, त्यात नक्षत्र आश्लेषा, शेवटचा चरण, तोही बापावर. सत्तावीस दिवसांनी आश्लेषा फिरून येईल, तेव्हा शांती करू. बापानं लेकीचं तोंड पहिल्यांदा तेलात पाहायचं, मग खुशाल उघड्या डोळ्यांनी. तोवर पाहिलं तर दोष लागतो.

एका घरात एक जाडजूड सुपारी एकटीच बसली होती. मी विचारलं, ही कोण? म्हणाले, "तो गुरू. त्याचं पुढच्या वेळी सांगतो, लोक खोळंबलेत." खरंच, बाहेर ओटा भरला होता.

अक्षर निघालं 'डो'. घरी येऊन मी म्हटलं, ढिवराच्या पोरीला याहून चांगलं अक्षर कोणतं? डोंगा म्हणजे आमची होडी, डोंगाबाई ठेवा. कमला पहिल्यांदा हसली. हसून टाका ओढला, म्हणून पुन्हा रडली.


२४ मे

तलाव आटत आला की आमचा सुगीचा हंगाम. काल सोसायटीचं मोठं जाळं लागलं. सगळा ढिवरपुरा कमरेइतक्या पाण्यात, आणि फेकजाळं टाकण्यात ज्याचा हात धरणारा कोणी नाही तो माझा लेक पाळीवर बसून सुतळी वळतोय.

सुकलूभाऊ आमच्या सोसायटीतला म्हातारा. पाण्यातूनच ओरडला, "इस्तारी, ढिवराचा होऊन पान्याले भेतेस का रे?"

"होय, भेतो," हा म्हणाला. लाज ना शरम.

आणि पाणीच नाही फक्त. आता तो मोटारीत बसत नाही, म्हणे उलटते. सिंदेवाहीला पायी जातो. जांभळावर चढत नाही. सापाच्या भीतीनं झोपडीभोवती राख टाकतो. मी म्हटलं, "अरे, तू काय अंड्याचा आहेस का?" तर म्हणतो, "जपाव लागते, माय." तिशी ओलांडलेला गडी आणि जपणं असं की जणू नव्वदीचा. शनीनं नुसतं पाहिलं तर ही गत, हात लावला असता तर काय झालं असतं?

याचा बाप असा नव्हता. इस्तारी आला, बाप गेला, त्या सालची गोष्ट. वैनगंगा तुडुंब होती आणि पलीकडच्यांना बाजाराला यायचं होतं. याला कोणी म्हणालं 'मुखरू, तूच एक आहेस', की हा पुढे. लगेच डोंगा लोटला. भिणं त्याला माहीतच नव्हतं. तेवढं माहीत असतं तर आज माझ्या शेजारी बसून खोकला असता.

संध्याकाळी इस्तारी कुंपणापाशी येतो. पळसाच्या पानात मरळ ठेवतो, कमलाच्या रश्श्यासाठी. पाण्यात जात नाही, तर दुसऱ्यांची जाळी शिवून देतो आणि त्याबदली मासा मागतो. मग आतल्या बाजूला तोंड न वळवता विचारतो, "रडली का?" कमला दारातून सांगते, रडली किंवा नाही रडली. मला वाटतं, रडण्याचा आवाज पाळीपर्यंत जातो आणि याची झोप मोडते.

दिवसभर एक छोटं जाळं विणतो आहे. डोळे इतके बारीक की झिंगासुद्धा निसटणार नाही. सुकलूभाऊनं विचारलं, "हे कोनत्या मासोळीचं?" तर उत्तर नाही. डोकं फिरत चाललं आहे.

आजचे उपकार मरळीचे.


५ जून

काल शांती झाली. बापूराव ऊन चढायच्या आत आले. अंगणात शेण सारवलं, पूजा झाली. इस्तारीला पाटावर बसवला. त्याच्या मागे कमला पोरीला घेऊन उभी, आणि त्याच्या पुढ्यात काशाची वाटी, तेलानं काठोकाठ. कमलानं पोरीला त्याच्या खांद्यावरून पुढे धरलं. मी वाटीच्या बाजूला बसले होते, वात सारायला.

तेल स्थिर झालं तेव्हा मला त्यात दोन तोंडं दिसली. एक छोटं, नाक पसरट, आमच्या घराण्याचं, डोळे टकमक उघडे. दुसरं माझ्या लेकाचं. त्याचे डोळे घट्ट मिटलेले.

"दिसलं?" बापूरावांनी विचारलं.

"दिसलं," इस्तारी म्हणाला.

प्रसाद खाल्ला आणि उठून पाळीवर गेला. मागे वळला नाही. बापूरावांना वाटलं, काम झालं. मी काही बोलले नाही. पाहुण्यासमोर घरचं फाटकं दाखवत नाहीत.

पण आता दोष तर सुटला, मग अजून भिणं कशाचं? एवढा भित्रा लेक माझ्या पोटचा कसा?

उपकार उद्या. आज जीभ जड आहे.


८ जून

कमला लिहायला बसत नाही. म्हणते, बोट दुखतं. मी म्हटलं, बोट नाही, नवरा दुखतो. हे तिनं लिहिलं की नाही, मला कसं कळणार?

(लिहिलं, आत्याबाई.)


२१ जून

आज दिवसभर घरात माणसं होती, म्हणून आता दिवे लागल्यावर लिहितो आहोत.

सकाळी सुकलूभाऊ पाळीच्या टोकाला जांभळं वेचायला गेला. जांभळं पिकली की अस्वलालाही कळतं. म्हातारा खाली वाकलेला, आणि अस्वल झाडामागून उठून उभं राहिलं. बाया ओरडल्या. मी पाण्याला चालले होते, ओरडण्याकडे पळाले. माझं पळणं म्हणजे तुम्ही चाललात तर माझ्यापुढे जाल.

मी पोचले तेव्हा इस्तारी तिथं होता. हातात डोंग्याचं वल्हं. जो पाण्याला भितो, मोटारीला भितो, मुंगी चावली तर हळद लावतो, तो माझा लेक अस्वलाच्या आणि म्हाताऱ्याच्या मध्ये उभा. त्यानं वल्हं अस्वलाच्या तोंडावर मारलं. अस्वलानं पंजा ओढला. दंड फाटला. त्यानं पुन्हा मारलं. मग अस्वल बांबूत गेलं, बडबडत, आमच्या गावचे पंच जातात तसं.

सत्यशीलाबाईंनी झोपडीतच जखम धुतली, सुई दिली. म्हणाल्या, "हाडाला लागलं नाही, नशीब समजा. गिरजाबाई, आमच्या घरी छप्पन सालापासून पत्रिका नाही, तरी आज मीसुद्धा कोणाचे तरी आभार मानीन म्हणते."

त्या गेल्या तरी तो थरथरत होता. मी शेजारी बसले.

"अस्वल गेलं, बाप्पा. आता काहाले कापतेस?"

"माय, आज मले काही झालं असतं त?"

"त सुकलू वाचला असता, आन् तुह्या नावानं सोसायटीनं एक दिवस जाळं बंद ठेवलं असतं."

तो हसला नाही. "लोकं तिले म्हनले असते."

"कोनाले?"

"पोरीले. आली आन् बापाले खाल्लं म्हनले असते. जलमभर. शाळेत, पान्यावर, लगनाच्या मांडवात."

"असं कोन म्हनते रे कोनाले?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग तलावाकडे पाहू लागला.

"मले म्हनत होते, माय."

"कोन? तुही आजी?"

"आजी. मंग सारेच."

मी म्हटलं, सारे म्हणजे कोण, नावं सांग, एकेकाच्या दारात जाऊन येते. त्यानं नाव घेतलं नाही.

"बरं. मंग पोरीचं तोंड काऊन नाई पाहत? शांती त झाली."

"तोंड पाह्यलं त दोष लागते ना? म्हनून नाईच पाह्यलं. तेलातबी नाई. आता मी उद्या पान्यात गेलो का झाडावरून पडलो, तरी कोनी तिचं नाव घ्याव नाई. मी सांगून ठेवलं आहे सुकलूभाऊले, इस्तारीनं पोरीचं तोंडच पाह्यलं नव्हतं म्हून सांगजो. आन् तसाबी मी जपूनच राहून राह्यलो. पन आज पायच थांबले नाई."

मी त्याच्या दंडाची पट्टी नीट केली. उठून घरी आले.

कमलाला सांगितलं, तर तिला ठाऊक होतं. 'रडली का' नंतर कुंपणापाशी जे बोलणं व्हायचं ते मी कधी ऐकलंच नव्हतं. मी म्हटलं, "मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"त्यायनं शपथ घातली होती, आत्याबाई. म्हनले, मायले नको सांगू, ते मजाक करन."

आजचे उपकार वल्ह्याचे.


२५ जून

मोटारीनं सिंदेवाही. बापूराव पंचांग घेऊन बसले होते. मी म्हटलं, "नातीची पाटी पुन्हा मांडा. आन् तिच्या बाजूले अजून एक मांडा. मोठ्या मानसाची."

"कोणाची?"

"इस्तारीची. त्याची कधी केलीच नाई. आमच्यात तेव्हा कोन करते?"

"जन्मवेळ?"

"मार्कंड्याच्या जत्रेत झाला, शिवरातीले. मी पोट घेऊन दर्शनाले गेली होती, माह्या सासूनं नवस बोलला होता म्हून. देवळात आरती चालू होती आन् इथी बैलगाडीखाली हा रडत होता. वेळ-घटका नाई माहीत."

"कोणतं साल?"

मी सांगायला लागले आणि मधेच अडले. मग म्हटलं, "वैनगंगेले मोठा पूर आला होता, ते साल."

बापूरावांनी माळ्यावरून वडिलांची जुनी पंचांगं काढली, धूळ झटकली. शिंकले. एका पाटीवर नातीच्या सुपाऱ्या मांडल्या, दुसरीवर लेकाच्या. आणि मांडता मांडता हात थांबला.

"गिरजाबाई, शनी बघा. तीस वर्षांत चक्कर मारून पुन्हा त्याच राशीत. बापाच्या जन्माला तुळेत, लेकीच्या जन्मालाही तुळेत."

"त्याले दुसरी जागा भेटली नाई का?"

"ही त्याची मानाची जागा आहे."

"बरं. आता मले एवढंच सांगा. इस्तारीच्या पाटीवर शनी-मंगळ त्याच्या बापाकडं कसे पाहते?"

बापूरावांनी बोटानं एकेक घर मोजलं, पुन्हा मोजलं. "बघतच नाहीत. शनीची नजर भलतीकडे. मंगळाचीही भलतीकडे. सूर्य एकटा, कोणाच्या वाईट डोळ्यात नाही."

"मंग त्याचा बाप काऊन मेला?"

"बापाची पत्रिका आणा, सांगतो. माणूस आपल्या पत्रिकेनं मरतो, बाई, पोराच्या नाही. पोराच्या पत्रिकेत फार तर त्याची सावली दिसते. इथं सावलीही नाही."

"बापाची पत्रिका नव्हती. डोंगा होता. त्याले भोक होतं."

बापूरावांनी पाटीवरून हात उचलला. "मग भोकच कारण," ते म्हणाले.

मी पदरानं नाक पुसलं. धूळ फार होती. मग नातीच्या पाटीवरच्या जाड सुपारीवर बोट ठेवलं. "याचं सांगनार होते तुमी."

"गुरू. पोरीच्या पहिल्याच घरात बसलाय, तेही त्याचं स्वतःचं घर. इथून तो दोन जागी बघतो. एक सूर्याकडे, आणि एक बापाच्या घराकडे. म्हणजे ते दोघे बापाला निवांत बसू देणार नाहीत, हे खरं. दगदग आहे, एखादी जखमही आहे."

"जखम झाली. अस्वलानं केली."

"मग मंगळानं आपलं काम उरकलं. पण गुरू त्या दोघांवर राखण ठेवून आहे. आणि सूर्यही लेचापेचा नाही, उच्चीचा आहे. कठीण योग म्हणजे मरण नव्हे हो. घरात दोन कडक माणसं असली म्हणजे घर पडतं का?"

"नाई. पन सुनेले विचारा," मी म्हटलं. "हे सारं पहिल्याच दिवशी माह्या लेकाले काऊन नाई सांगतलं?"

बापूराव सुपारी फिरवत राहिले. "आधी वाईट सांगण्याची रीत आहे. माझे वडीलही तसंच सांगत. चांगलं मागून सांगायचं, म्हणजे माणूस समाधानानं उठतो. तुमचा मुलगा वाईट ऐकूनच उठला. मी हाक मारली, पण तो रस्त्याला लागला होता. आणि तुम्ही आलात तेव्हा ओटा भरला होता."

मी म्हटलं, "हा गुरू म्हनजे घरातलं कोन मानाव? तिसरं, जाडं, साऱ्यायवर नजर ठेवनारं?"

त्यांनी मला वरून खालपर्यंत पाहिलं. "वर्णन जुळतं," म्हणाले.

आजचे उपकार बापूरावांच्या वडिलांचे, ज्यांनी रद्दी विकली नाही.


२६ जून

सकाळीच पाळीवर गेले. सोबत काशाची वाटी, तेल घालून. इस्तारी झोपडीबाहेर बसला होता, दंडाला पट्टी, मांडीवर ते बारीक डोळ्यांचं जाळं.

मी काडीनं चिखलात बारा घरं काढली, बाजूला अजून बारा. त्याच्या टोपलीतून जाळ्याचे शिशाचे मणी घेतले. सर्वांत जड मणी शनी.

"हे तुही पत्रिका. काल केली."

"माही? माही कुठी होती?"

"नव्हतीच. तिच्याबिगर एवढी वर्सं तुह्यावर निकाल लावून बसले लोकं. हा तुहा बाप, सूर्य. हा शनी, हा मंगळ. पाह्य, कोन पाहून राह्यलं बापाकडं?"

मी त्याला बोटानं वाट दाखवली, शनी इथून तिथं पाहतो, मंगळ इथून तिथं. त्यानं स्वतः बोट फिरवून पाहिलं. जाळं टाकण्याआधी पाण्याचा अंदाज घेतो तसं, दोनदा, तीनदा.

"कोनीच नाई," तो म्हणाला.

"कोनीच नाई. तू आला तेव्हा तुह्या बापावर कोनाचीबी वाईट नजर नव्हती. तू त बैलगाडीखाली पडून नुसता रडत होतास. तुहा बाप पुरानं मेला आन् भोकाच्या डोंग्यानं मेला, आन् कोनाले नाई म्हनता येत नव्हतं म्हून मेला. तुह्यानं नाई."

त्यानं जड मणी उचलला, हातात धरून राहिला.

"आन् हे लेकीची. हिच्यात आहेत, दोघंही आहेत, समोरासमोर, डोळे वटारून. मी खोटं नाई सांगत. पन तू जिता आहेस. अस्वलाच्या तोंडातून आला. म्हनजे ज्याच्या पाटीवर काही नाई त्याचा बाप गेला, आन् जिच्या पाटीवर सारं आहे तिचा बाप समोर बसून सुतळी वळून राह्यला. आता सांग, शनीचं काय मनावर घ्याचं?"

"लोकं म्हनतीन, माय."

"म्हनतीन त त्यायच्या दारात मी जाईन. गुरू हावो मी. बापूरावनं सांगतलं."

तेव्हा कुठे तो हसला. थोडंच.

कमलाला मी मागून यायला सांगून ठेवलं होतं. तिचा सव्वा महिना होऊन गेला आहे, बाहेर पडायला हरकत नाही. ती जांभळापाशी येऊन उभी राहिली, पोर खांद्यावर. इस्तारीला चाहूल लागली. पाठ ताठ झाली. मी वाटी त्याच्यापुढे सरकवली. म्हटलं, घे, या वेळी डोळे उघडे ठेव.

त्यानं वाटीकडे पाहिलं. त्यात आभाळ होतं आणि एक जांभळाची फांदी.

"तेल राहू दे," तो म्हणाला, आणि वळला.

मी त्या दोघांकडे पाहत बसले नाही. दुसऱ्याच्या ताटात पाहू नये. पण कान होते. आधी पोरीचा हुंकार ऐकू आला. मग लेक म्हणाला, "माय, नाक माहं आहे."

मी म्हटलं, "होय. दोष तेवढाच."


२ जुलै

काल नाव ठेवलं. रंभा. 'डो'चं काय झालं ते बापूरावांनी विचारू नये. सुकलूभाऊ तिला डोंगाबाईच म्हणतो. त्याला तो हक्क आहे, अस्वलाच्या दिवसापासून तो आमच्या घरचा झाला.

ते बारीक डोळ्यांचं जाळं आता आढ्याला टांगलं आहे. पाळण्याची झोळी होती ती. मला वाटत होतं, डोकं फिरलं म्हणून विणतोय. झिंगासुद्धा निसटणार नाही, म्हटलं होतं ना मी? एकच झिंगा आहे, आणि तो निसटलेला नाही.

आज इस्तारीनं डोंगा पाण्यात लोटला. आधी त्याला आडवा करून तळ चाचपला, प्रत्येक सांध्यावर डांबर लावलं. कमला दारात उभी राहून पाहत होती. मीही पाहत होते. त्या पुराच्या साली मी अशीच पाहत होते, पण तेव्हा तळ कोणी चाचपला नव्हता. दुपारी तो ओला होऊन आला आणि सरळ आत आला. कुंपणापाशी थांबला नाही.

आजचे उपकार बोलायला बसले तर ही खोकल्याची सगळी पानं संपतील. सत्यशीलाबाईंचे, ज्या काही मानत नाहीत आणि सगळ्यांचं करतात. बापूरावांचे, ज्यांनी ती जाड सुपारी शेवटी का होईना दाखवली. अस्वलाचे, पंजा बेताचा मारला म्हणून. माझ्या सुनेचे, जिनं शपथ पाळली. आणि शनीचे. एवढं मोठं आभाळ सोडून तो तीस वर्षांनी फिरून त्याच जागी येऊन बसला, म्हणून जुनी पाटी मांडायची वेळ आली.

कमला म्हणते, आत्याबाई, डायरी वजन लिहायला दिली होती, नर्सबाई उद्या पाहतील, अजून एकदाही लिहिलं नाही. काटा दवाखान्यात आहे. म्हटलं, काटा कशाला? तिच्या बापाला विचार, जन्मभर हातानं मासा तोलतोय.

त्यानं पोरीला झोळीतून उचललं, तळहातावर जोखलं.

लिही, कमला. वजन: मोठ्या कतल्याएवढं. पण धडपड जास्त.